शब्दचर्चा : बुद्ध्यांक, बुद्धिगुणांक की बुद्धिलब्धी?

करवीरकर : आयक्यूसाठी पेपरात बुद्ध्यांक, मानसशास्त्राच्या पुस्तकांत बुद्धिगुणांक आणि हिंदीकडून आलेला बुद्धिलब्धी असे तीन शब्द दिसतात. नेमका कुठला धरायचा? आणि हा अंक मोजतो काय? अहवालात ९२ दिसले की घरचे 'शंभरात ब्याण्णव, पोरगं लई हुशार' असं धरून चालतात.

रंकाळा : घडणीपुरतं सांगतो. बुद्धि + अंक यांचा संधी बुद्ध्यंक होतो, जसा अति + अंत = अत्यंत. क्रमांक, गुणांक, दिनांक यांच्या वळणावर बुद्ध्यांक रुळला आणि आता तोच चालू आहे. तो बदलायच्या फंदात पडू नये. लब्धी म्हणजे भागाकारातून आलेलं उत्तर, त्यामुळे मूळ कल्पनेला बुद्धिलब्धी सगळ्यांत जवळचा. गुणांकाची अडचण तुमच्या प्रश्नातच आहे : 'गुण' म्हटलं की आपल्याला मार्कच आठवतात.

शाहूपुरी : तो भागाकार कुठून आला ते पाहू. बिने आणि सिमाँ या फ्रेंच अभ्यासकांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये चाचणी केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखायला. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांनी मानसिक वयाला (मूल कितव्या वर्षाच्या मुलाइतकं करतं त्याला) प्रत्यक्ष वयाने भागायची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये अमेरिकेतल्या टर्मन यांनी उत्तराला १०० ने गुणलं. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाइतकं केलं तर १२५.

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. चार वर्षांचं मूल दोन वर्षांनी मागे असेल तर उत्तर ५०, पण बाराव्या वर्षी तेवढ्याच अंतराला ८३. शिवाय मानसिक वय जन्मभर वाढत नाही, त्यामुळे मोठ्या माणसाला हा भागाकार लावताच येत नाही. म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ वेश्लर यांनी १९३९ मध्ये भागाकार सोडला आणि समवयस्कांत माणूस कुठे उभा आहे ते पाहिलं. सरासरी १००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) १५. साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये येतात आणि १३० च्या वर जेमतेम २ टक्के. तुमचे ९२ म्हणजे शंभरातली साधारण ३० मुलं खाली, बाकीची वर. सीईटीचा पर्सेंटाइल ज्यांना कळतो त्यांना हे लगेच कळेल. हे स्थान आहे, मार्क नव्हेत, आणि ९२ हे अगदी सर्वसाधारण स्थान आहे.

आपल्याकडचा खरा गुंता पुढे आहे. १९३० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. कामतांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ती अजून वापरात आहे आणि तिचा आकडा भागाकाराचाच. वेश्लर पद्धतीच्या चाचणीचा आकडा स्थानाचा. दोन्ही अहवालांत शब्द एकच : बुद्ध्यांक. म्हणून चाचणीचं नाव वाचल्याशिवाय आकडा वाचू नये.

करवीरकर : मोबाइलवरच्या चाचणीत १४० येतात, ते?

शाहूपुरी : सोडून द्या. ते कुणाशी ताडून काढले हेच कळत नाही. मोजपट्टीही एक नसते : मानसशास्त्रज्ञ कॅटेल यांच्या चाचणीच्या पट्टीवर प्रमाण विचलन २४ आहे, त्यामुळे तिथले १४८ म्हणजे वेश्लरचे १३०. जुनी मानकंही, म्हणजे पूर्वीच्या लोकांवरून ठरवलेली सरासरीही, आकडा फुगवतात. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी कामगिरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेल्याचं संशोधक फ्लिन यांनी दाखवलं.

बावडा : चाचणी घेताना काय चुकतं तेही बोलू. अंकस्मरणात, म्हणजे ऐकलेले अंक परत म्हणायला लावतात तेव्हा, सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात. सात, दोन, नऊ, चार. आपण मोबाइल नंबर जोडीने सांगतो तसं 'बहात्तर, चौऱ्याण्णव' म्हटलं की मुलाला चाराऐवजी दोनच गोष्टी धरायच्या राहतात आणि आकडा खोटा वाढतो. साम्य विचारताना 'संत्रं आणि केळं?' याला 'दोन्ही फळं' म्हटलं तर पूर्ण गुण, 'दोन्ही सोलून खातात' म्हटलं तर सहसा अर्धेच. उत्तर चूक नाही, पण चाचणीला वर्ग सांगणारं उत्तर हवं असतं. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असलेल्या मुलाचा शब्दसंग्रह एकाच भाषेत तपासला तर तो हमखास कमी भरतो. आणि थोड्याच महिन्यांत तीच चाचणी परत घेतली तर सरावाने ठोकळ्यांची रचना पटापट जमते.

रंकाळा : म्हणूनच हुशारी आणि बुद्ध्यांक एका अर्थाने वापरू नयेत. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतल्या पाकाच्या बुडबुड्यांवरून उतरवायची वेळ ओळखतो. ते ज्ञान कुठल्याच उपचाचणीत येत नाही. चाचणी तर्क, शब्दज्ञान, आकृतीची जाण, तात्पुरतं लक्षात ठेवणं आणि वेग एवढं पाहते. आपल्या 'अक्कल' या शब्दातला प्रसंग ओळखून वागण्याचा भाग तर बहुतेक बाहेरच राहतो.

करवीरकर : मग ७० च्या खाली आलं की 'मतिमंद' म्हणायचं?

बावडा : तो शब्द आता टाळा, बौद्धिक दिव्यांगत्व म्हणा. आणि नुसत्या आकड्यावरून तेही म्हणू नका. स्वतः कपडे घालणं, सुट्टे पैसे मोजून घेणं, एकट्याने एसटीने जाणं हे वेगळं तपासतात. असं रोजचं वागणं मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीवर सामाजिक वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले १०० असा सामाजिक गुणांक निघतो, म्हणजे इथे मूळचा भागाकार अजून आहे. अहवालात बुद्ध्यांक आणि सामाजिक गुणांक हे दोन्ही आकडे, चाचणीचं नाव, ती घेतली ती भाषा आणि '९२, बहुधा ८७ ते ९७ च्या दरम्यान' अशी मर्यादा दिसली पाहिजे. नसेल तर तपासणाऱ्याकडे मागून घ्या.