शब्दचर्चा : ‘स्टीरिओटाइप’ म्हणजे पूर्वग्रह का? लिथुआनियन तरुणांच्या मनातील ग्रीक माणूस

प्रश्न

लिथुआनियातील तरुण मुलामुलींच्या मनात ग्रीक माणसाचे कोणते चित्र आहे आणि ते रंगवताना ही मुले स्वतःकडे कशी पाहतात, या विषयावरील एक लेख मी मराठीत आणत आहे. ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द त्यात पानोपानी येतो आणि त्याच्या जोडीला ‘ऑटोस्टीरिओटाइप’ (स्वतःच्या समाजाविषयीचे ठरीव चित्र) व ‘हेटरोस्टीरिओटाइप’ (परक्या समाजाविषयीचे ठरीव चित्र) या दोन संज्ञाही येतात. पहिल्या शब्दासाठी ‘पूर्वग्रह’ घ्यावा असे वाटते, कारण ‘ग्रीक लोक आळशी असतात’ अशा विधानाला तो चपखल बसतो. पण ‘ग्रीक लोक फार अगत्यशील असतात’ किंवा ‘आम्ही लिथुआनियन कष्टाळू आहोत’ या विधानांपाशी आल्यावर तो अडखळतो. माणसाचा स्वतःविषयी पूर्वग्रह असतो, असे मराठीत म्हणता येईल का? लिथुआनियन विशेषणांच्या मराठी प्रतिशब्दांविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

‘पूर्वग्रह’ येथे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा शब्द आपल्या कानांना प्रतिकूलच ऐकू येतो. ‘पूर्वग्रहदूषित’ हा त्याचा सर्वांत रुळलेला समास आहे, आणि ‘तुमच्याविषयी माझा चांगला पूर्वग्रह आहे’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय पूर्वग्रह ही मनाची वृत्ती आहे, तर स्टीरिओटाइप हे त्या वृत्तीच्या आधी, कित्येकदा तिच्यावाचूनही, डोक्यात तयार असलेले चित्र आहे. ग्रीकांविषयी मनात कसलाही आकस नसलेली लिथुआनियाची राजधानी विल्नियस येथील एखादी विद्यार्थिनीही ‘ग्रीक म्हटला की मोठ्याने बोलणारा आणि हातवारे करणारा’ असे सहज सांगू शकते.

मूळ शब्द छापखान्यातला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मुद्रक फिर्मँ दिदो यांनी, खिळ्यांच्या जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन त्यावरून ओतलेल्या अखंड पत्र्याच्या छपाईसाठी तो वापरात आणला, आणि त्याचे दोन्ही घटक ग्रीक आहेत : ‘स्तेरेऑस’ म्हणजे घट्ट आणि ‘तीपॉस’ म्हणजे ठसा. सुटे खिळे मोडून त्यांतून दुसरा मजकूर जुळवता येतो. ओतलेल्या पत्र्यावरचे अक्षर मात्र जागचे हलत नाही आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये हा शब्द समाजविचारात आणला तेव्हा त्यांना हीच अचलता अभिप्रेत होती. पुढे १९३३ मध्ये डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या १०० विद्यार्थ्यांपुढे ८४ गुणविशेषांची यादी ठेवून दहा राष्ट्रीय व वांशिक समूहांपैकी प्रत्येकाला कोणती विशेषणे लागू पडतात असे विचारले, आणि तरुणांच्या मनातील राष्ट्रप्रतिमांचे कितीतरी अभ्यास त्यानंतर याच पद्धतीने झाले. अशा अभ्यासात विशेषण हीच मोजणीची वस्तू असल्यामुळे भाषांतरात एक विशेषण सैल पडले तरी निष्कर्षच बदलतो.

म्हणून ‘साचेबद्ध प्रतिमा’ हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. त्यात मूळचा साचा टिकतो आणि निंदा वा स्तुती यांपैकी काहीच गृहीत धरले जात नाही. ‘ठोकळेबाज’ हे विशेषण नाट्यसमीक्षेत आपण दोष दाखवण्यासाठी वापरतो, तेव्हा ते नको. उरलेल्या दोन संज्ञांसाठी ‘साचेबद्ध स्वप्रतिमा’ आणि ‘साचेबद्ध परप्रतिमा’ अशी जोडी घ्यावी. नुसते ‘स्वप्रतिमा’ म्हटले तर एका व्यक्तीने स्वतःविषयी केलेली कल्पना असा अर्थ निघेल, आणि येथे तर सगळा समाज आपल्याविषयी जे एकसारखे बोलतो ते सांगायचे आहे.

आता विशेषणांकडे वळू. लिथुआनियन माणूस स्वतःच्या समाजाविषयी बोलू लागला की पहिला शब्द बहुधा ‘दार्बश्तुस’ येतो. ‘दार्बस’ म्हणजे काम आणि ‘दार्बश्तुस’ म्हणजे कामसू. ‘कष्टाळू’ हा प्रतिशब्द मी टाळेन, कारण त्यात सोसण्याची छटा आहे. लिथुआनियन शब्दात हाताला सतत काम असण्याचे समाधान आहे. त्या भाषेत कामसू माणसाला मधमाशीची उपमा देतात, आणि मित्राला असलेला ‘बिच्युलिस’ हा शब्दही मधमाशीच्या ‘बिते’ या नावावरूनच आला आहे : मधमाश्या सामायिक पाळणारे ते मित्र. काम आणि स्नेह यांचा इतका जुना संबंध ज्या भाषेने जपला आहे, तिच्या तरुणांनी स्वतःला आधी कामसू म्हणावे हे मला अगदी स्वाभाविक वाटते. उलट बाजूचा शब्द ‘तिंगिनिस’, म्हणजे आळशी माणूस. बिस्किटांचे तुकडे, कोको आणि आटवलेले गोड दूध कालवून न भाजता केलेल्या एका आवडत्या गोड पदार्थाचेही नाव तेच आहे, त्यामुळे घरगुती बोलण्यात त्याची धार बोथट होते. परक्या समाजाला तो लावला की ती धार परत येते.

दुसरी जोडी याहून बोलकी आहे. स्वतःसाठी ‘सांतूरुस’ म्हणजे संयत, हातचे राखून बोलणारा. आणि दक्षिणेकडच्या माणसासाठी ‘कार्श्तक्राउयिस’, शब्दशः गरम रक्ताचा. याला ‘तापट’ म्हणू नये, कारण तापट माणूस रागावतो, तर कार्श्तक्राउयिस रागावतो, नाचतो, मिठी मारतो आणि रडतोही. ‘उसळत्या रक्ताचा’ असे म्हणावे. स्वतःविषयीच्या यादीत ‘उझ्दारस’ म्हणजे आतल्या गाठीचा आणि ‘पावीदुस’ म्हणजे हेवेखोर हे शब्दही लिथुआनियन लोक मोकळेपणी घालतात. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते : स्वप्रतिमेतही उणे शब्द असतात, पण ते पूर्वग्रहामुळे आलेले नसतात, घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले ते बोल असतात.

या जोड्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या की ग्रीकाचे चित्र कशावरून काढले आहे ते कळते. कामसू नसलेला, संयत नसलेला, आतल्या गाठीचा नसलेला असा जो कोणी तो ग्रीक. लिथुआनियन तरुण ग्रीकाविषयी जे सांगतो ते बहुतांशी स्वतःविषयीच सांगत असतो, आणि म्हणून भाषांतरात या विशेषणांच्या जोड्या फोडू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

शंका

विवेचन पटले, पण २०१० नंतरच्या कर्जसंकटात ‘आळशी ग्रीक’ हे जे उत्तर युरोपभर बोलले गेले, त्याला निव्वळ साचेबद्ध प्रतिमा म्हणणे फारच सौम्य होत नाही का? दुसरे असे की, आपल्याकडे ग्रीकांसाठी ‘यवन’ हा जुना शब्द आहे. तो शीर्षकात वापरल्यास मराठी वाचकाला जवळचा वाटेल का?

प्रतिसाद

पहिल्या शंकेत तथ्य आहे. लिथुआनियाची अर्थव्यवस्था २००९ या एकाच वर्षात सुमारे १५ टक्क्यांनी आकसली, तत्कालीन पंतप्रधान आंद्रियुस कुबिलियुस यांच्या सरकारने चलनाचे अवमूल्यन न करता सरकारी पगार आणि निवृत्तिवेतने कापली, आणि त्या काळात मोठ्या संख्येने तरुण देश सोडून गेले. हे सारे सोसून १ जानेवारी २०१५ रोजी देशाने युरो स्वीकारला, आणि अवघ्या सहा महिन्यांत ग्रीसला युरो देशांनी द्यायच्या तिसऱ्या मदत-कर्जाचा प्रश्न समोर आला. ‘आम्ही पोटाला चिमटा काढला, त्यांनी का काढू नये’ ही भावना त्या अनुभवातून आली होती, आणि अनुभवातून आलेल्या भावनेला नुसते अज्ञान म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. परंतु ग्रीसमध्ये पगार आणि निवृत्तिवेतने त्याआधीच अनेकदा कापली गेली होती, आणि ग्रीक तरुणही देश सोडून जातच होते. हे साम्य त्या साच्यात मावले नाही. साचेबद्ध प्रतिमेला असा राग येऊन मिळतो तेव्हा तिचा पूर्वग्रह होतो. तेव्हा लेखातील ज्या वाक्यांत हा राग आहे तेथे ‘पूर्वग्रह’ जरूर वापरावा. दोन शब्द हाताशी असण्याचा हाच लाभ आहे.

तो साचा किती सहज इकडून तिकडे नेता येतो, याचे एक उदाहरण शब्दचर्चेत नोंदवून ठेवण्याजोगे आहे. जुलै २०१५ मध्ये ब्रसेल्सच्या बैठकीला आलेल्या लिथुआनियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्ष दालिया ग्रिबाउस्काइते यांनी ग्रीक सरकारच्या चालढकलीचे वर्णन ‘मान्याना’ या शब्दाने केले. मान्याना म्हणजे उद्या, पण शब्द स्पॅनिश आहे. स्पेनच्या माणसावर मारलेला जुना शिक्का तसाच ग्रीकावर मारला गेला आणि ऐकणाऱ्यांना तो कळलाही, कारण दोघेही ‘पिएतिएतिस’, म्हणजे दक्षिणी. लिथुआनियनमध्ये ‘पिएतूस’ या एकाच शब्दाचे दक्षिण दिशा आणि दुपारचे जेवण असे दोन अर्थ आहेत, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुपारचा विषय निघालाच आहे तर आळसाच्या या प्रतिमेची पडताळणी करता येते. उन्हाळ्यात ग्रीसमध्ये दुपारी ३ ते ५.३० हा सार्वजनिक शांततेचा काळ असतो. लिथुआनियातील कौनस शहराहून विमानाने ऱ्होड्स या ग्रीक बेटावर आलेल्या पर्यटकाला त्या वेळी गल्लीतील दुकान बंद दिसते. तोच दुकानदार सकाळी लवकर येऊन गेला आहे आणि संध्याकाळी पुन्हा दुकान उघडून रात्रीपर्यंत उभा राहणार आहे, हे पर्यटकाला समुद्रकिनाऱ्यावर असल्यामुळे दिसत नाही. पुण्याच्या ‘१ ते ४ बंद’ या पाटीवरून पुणेकराविषयी जे बोलले जाते त्याची जात हीच आहे. प्रत्यक्षात ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या आकडेवारीत ग्रीक कामगाराचे वर्षभरातील सरासरी कामाचे तास युरोपातील सर्वाधिक तासांत मोडतात आणि ते लिथुआनियन कामगाराच्या तासांपेक्षा जास्त भरतात.

‘यवन’ मात्र शीर्षकात मुळीच नको. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनिया या प्राचीन ग्रीक प्रदेशाच्या नावावरून इराणी ‘यौन’, पाली ‘योन’ आणि संस्कृत ‘यवन’ अशी त्याची वाटचाल झाली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. नंतरच्या शतकांत तोच शब्द मुसलमान राज्यकर्त्यांना लावला गेला, आणि मराठी बखरींत तो त्याच अर्थाने येतो. आजच्या मराठी वाचकाला ‘यवन’ वाचून अथेन्सचा विद्यार्थी आठवणार नाही.

लिथुआनियनमध्येही ग्रीकांचे नाव असेच दूरवर भटकले आहे. ग्रीक म्हणजे ‘ग्राइकस’. अक्रोडाला ‘ग्राइकिनिस रिएशुतस’ म्हणजे ग्रीक कवचफळ म्हणतात, आणि कुट्टूच्या दाण्यांना असलेला ‘ग्रिक्याय’ हा शब्द ‘ग्रीक धान्य’ अशा अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून आला आहे. देशाच्या दक्षिणेकडील झूकिया प्रांतात या कुट्टूची भाजलेली जाड वडी आवडीने खातात, पण ती खाताना कोणाला ग्रीसची आठवण होत असेल असे मला वाटत नाही. शाळेतल्या इतिहासात भेटणारे ‘सेनोवेस ग्राइकाय’, म्हणजे प्राचीन ग्रीक, हे तर तिसरेच लोक : तत्त्वज्ञ, शिल्पकार आणि ऑलिंपिकचे धावपटू. त्यांच्यावर आळसाचा आरोप कोणी करत नाही. मूळ लेखात ‘सेनोवेस’ हा शब्द कोठे आहे आणि कोठे गळला आहे हे बारकाईने पाहावे, कारण आदराची विशेषणे बहुधा त्याच्याच आधाराने आलेली असतील.

शेवटचा मुद्दा व्याकरणाचा. ‘कार्श्तक्राउयिस’ हे पुल्लिंगी रूप आहे आणि स्त्रीलिंगी रूप ‘कार्श्तक्राउये’ होते. त्याचप्रमाणे ‘ग्राइकस’ म्हणजे ग्रीक पुरुष आणि ‘ग्राइके’ म्हणजे ग्रीक स्त्री. तरुणांनी वर्णन करताना कोणते रूप वापरले आहे ते पाहूनच ‘ग्रीक पुरुष’, ‘ग्रीक स्त्री’ किंवा ‘ग्रीक लोक’ यांपैकी एक निवडावे, आणि अनेकवचनी ‘ग्राइकाय’ असेल तेथेच ‘ग्रीक लोक’ असे लिहावे.