अनुभव धागा: घराबाहेरचा सेन्सर लाइट, हजाराच्या आत काय घ्यावं, कुठे लावावं?

ओटल्यावरची (धागाकर्ती)

मंडळी, आमचं घर इंदूरला, सुदामा नगरात. पुढे ओटला, डाव्या हाताला तीन फुटी बोळ, तो थेट मागच्या मोरीपर्यंत जातो. बोळात मिट्ट काळोख. खाली आईबाबा दोघंच असतात, आम्ही वर, त्यामुळे खाली कोणी आलं-गेलं तर वर काही कळत नाही. कोणी आलं की आपोआप लागेल असा लाइट बसवायचाय, बजेट हजाराच्या आतलं. दुकानात गेलं की "भिया ये ले जाओ, नंबर एक आइटम है" म्हणून समोर असेल ते हातात देतात, नी मोबाइलवर बघावं तर सगळ्यांनाच साडेचार स्टार. म्हणून इथे विचारते. तुमच्याकडे कोणता आहे, कुठे लावलाय, पावसाळ्यात काय झालं, कुत्र्या-मांजराने पेटतो का, सगळं लिहा. लिंका नकोत. ग्वाल्हेर-बडोद्याचे लोक असतील तर त्यांनीही लिहा, आपलंच आहे.

रामबागचा_जावई

सगळ्यात स्वस्त म्हणजे होल्डरमध्ये लावायचा सेन्सरवाला बल्ब. ९ वॅटचा, महाराणी रोडवर अडीचशेच्या आसपास मिळतो, ना वायरमन ना ड्रिल, जुना बल्ब काढा नी हा लावा. सासरच्या वाड्यात जिन्याला आहे, दोनेक पावसाळे झाले, मस्त चालू आहे. फक्त एक बघा, तो उघड्या होल्डरलाच लागतो. आमच्याकडे दारावर जुना काचेचा गोळा होता, सासरेबुवांचा हट्ट की बल्ब गोळ्यातच पाहिजे, शोभा जाते म्हणे. गोळ्यात टाकला तर काही केल्या पेटेना, दुकानदार म्हणे माल खराब, बदलून दिला, तरी तेच. शेवटी गोळा काढून ठेवला तर मी पायरीवर पाय टाकायच्या आधी लख्ख! आता गोळा माळ्यावर नी सासरेबुवांचा रुसवा खाली.

तारवायर

जावईबापू, बल्बात काही खोट नव्हती, काच आडवी आली. मी याच लाइनीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

या स्वस्त लाइटांत जो सेन्सर असतो त्याला पीआयआर म्हणतात. तो स्वतः काही सोडत नाही, आपल्या अंगातून जी उष्णता बाहेर पडते ती फक्त बघतो. ती उष्णता साध्या काचेतून जातच नाही, म्हणून गोळ्यातला बल्ब आंधळा. ते पांढरं अर्धगोल प्लास्टिक दिसतं ना, त्यावर हात फिरवून बघा, बारीक चौकटी लागतील. त्या प्रत्येक चौकटीची एक भिंग आहे, समोरच्या जागेच्या ती पट्ट्या पाडते, नी माणूस एका पट्टीतून दुसरीत गेला की आत फरक कळतो नी लाइट लागतो. यातूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघते जी बॉक्सवर कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही: सेन्सरसमोरून आडवा जाणारा माणूस लगेच दिसतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा दिसतो, कारण तो बराच वेळ एकाच पट्टीत असतो. लोक काय करतात, बरोब्बर दाराच्या वर, रस्त्याकडे तोंड करून लावतात, नी मग तक्रार की अगदी पायरीवर आल्यावर पेटतो. तोच लाइट बाजूच्या भिंतीला लावा, फाटकातून येणारा त्याच्यापुढून आडवा जाईल असा, तर पाचशेवालासुद्धा दोन हजारवाल्यासारखा वागेल.

उंची साधारण सात ते नऊ फूट. वर दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्याला लावला तर प्रकाश पडेल मोठा, पण खाली वाकून चालणारा सुटेल. घेताना डोकं फिरणारं घ्या, म्हणजे सेन्सरची वाटी वेगळी वळवता आली पाहिजे. माझ्या मते वॅट नी ब्रँड दोन्हीपेक्षा ही वाटी मोलाची.

मालवीमावशी

आम्ही सोलरवाला लावलाय बाई. वायर नाही, बिल नाही, लाइट गेली तरी हा चालू. गच्चीच्या जिन्यावर आहे, चारशेला घेतला होता. उन्हाळ्यात नंबर एक. पण आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, तेव्हा रात्री अकरापर्यंत ठीक, मग मलूल होऊन जातो, ऐन चोरांच्या वेळेला. नी वरचं पॅनेल पुसावं लागतं हो, धूळ नी कबुतरं. नातू पुसतो, त्याला दहा रुपये द्यावे लागतात, म्हणजे बिल नाही म्हणायचं तेवढंच.

अजून एक गंमत ऐका. शेजारच्या वहिनींनी माझं बघून तस्साच घेतला नी फाटकाच्या खांबावर लावला. तो रात्री लागेचना! दिवसा हात ठेवून झाकला की लागायचा, रात्री नाही. शेवटी कळलं की वर नगर निगमचा दिवा आहे, त्याचा उजेड पॅनेलवर पडतो नी याला वाटतं अजून दिवस आहे.

तारवायर

मावशी, एकदम बरोबर. स्वस्त सोलरमध्ये दिवस-रात्र ओळखायला वेगळं काही नसतं, पॅनेलच सांगतं. स्ट्रीट लाइटखाली सोलर नको. नी भिंत उत्तरेकडची असेल किंवा वर छज्जा असेल तर पॅनेल वेगळं नी वायरीने जोडलेलं मॉडेल बघा, पॅनेल गच्चीवर, दिवा खाली. आत लिथियमचा सेल असतो, दोनेक वर्षांत दम तोडायला लागतो. स्क्रू काढून तो बदलता येतो का ते घेतानाच विचारा, चिकटवलेला डबा असला तर सोडा.

शंकेखोर

सगळे बिल वाचतं म्हणतात म्हणून जरा गणित करा. १० वॅटचा साधा एलईडी रात्रभर म्हणजे १२ तास जाळला तर ०.१२ युनिट, महिन्याला ३.६ युनिट, फार तर पंचवीस-तीस रुपये. सेन्सर लावून त्यातले वीस वाचले. आपल्याकडे मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटला १०० रुपयेच लागतात, तर जो काठावर आहे त्याला या तीन युनिटचा फरक पडेल, बाकीच्यांनी बिलासाठी सेन्सर घेऊ नये. आम्ही सरळ ५ वॅटचा पिवळा बल्ब संध्याकाळी लावतो नी सकाळी बंद करतो. चोराला उजेड नको असतो हे खरं, पण त्याला बघणारं कोणी असलं पाहिजे ना. मागच्या बोळात लाइट लागला नी बघायला कुणीच नाही, तर तो त्याच उजेडात आरामात कुलूप बघेल.

ओटल्यावरची

शंकेखोर भाऊ, म्हणणं पटतंय, पण आमच्या आईला रात्रभर उजेड चालत नाही, खिडकी बोळाकडेच उघडते. नी लाइट लागला हेच तिला कळतं, झोप सावध आहे तिची. कायम जळणाऱ्या दिव्याने हे कळणार नाही.

शंकेखोर

हां, हे मात्र मान्य.

लष्करची_सून

मी ग्वाल्हेरहून. आमच्याकडे उन्हाळ्याचा प्रॉब्लेम वेगळाच. मे महिन्यात संध्याकाळी आठला सुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. थंडीत आमचा लाइट गल्लीच्या टोकावरून मांजर ओळखायचा, सासूबाई त्याला पहारेकरी म्हणायच्या, नी मे-जूनमध्ये मी समोर उभी राहून हात हलवते तरी ढिम्म. वायरमन म्हणाला बदला. मग इंजिनिअर दिरांनी सांगितलं की भिंत नी माणूस जवळपास सारखेच तापलेले असले तर त्याला फरकच दिसत नाही, पहाटे भिंत निवली की नीट चालेल. नी तसंच झालं, रात्री दोन-तीनच्या पुढे व्यवस्थित. आता उन्हाळ्यात मागचं सेन्स लिहिलेलं बटण पूर्ण फिरवून ठेवतो नी दिवाळीनंतर कमी करतो, नाहीतर थंडीत खारूताईलाही सलामी देतो.

तिसरामजला

आम्ही रडारवाला घेतला, मायक्रोवेव्ह म्हणतात तो, म्हटलं नवीन टेक्नॉलॉजी. गरमीचा त्रास नाही, काचेतून चालतो, डबा पूर्ण बंद असतो म्हणून पाणीही शिरत नाही. पण भाऊ, तो भिंतीपलीकडचंही बघतो! पातळ दारामागे आमचंच पोरगं खेळत असलं की बाहेर लाइट लागतो. रस्त्यावरून रिक्षा गेली, लागला. पावसात पन्हाळीचं पाणी पडायला लागलं, लागला. बाहेरून काढून पार्किंगच्या आतल्या कोपऱ्यात लावला, तिथे चारही बाजूला जाड भिंती आहेत, तिथे छान. गल्लीवर मात्र नकोच.

कुत्र्यांची_ताई

प्राण्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत सहा कुत्री, त्यातली चार माझी म्हणजे मी जेवायला घालते. सेन्सर खाली झुकवला की रात्रभर चालू-बंद. तारवायर दादांच्या उंचीवर आठ फुटाला लावला, नी वाटीचा खालचा भाग काळ्या इन्सुलेशन टेपने झाकला, साधारण खालच्या दोन ओळी. आता कुत्री खालून जातात, लागत नाही, माणूस आला की लागतो. गाय मात्र गाय आहे, तिला सूट नाही. रस्त्याकडची बाजूही तशीच उभी टेप लावून बंद केलीय, गाड्यांचं गरम बॉनेट बघून पेटायचा.

पाली नी कोळी हा वेगळा विषय. पावसाळ्यात पांढऱ्या दिव्यावर पाखरं येतात, पाखरांमागे पाल, पाल बरोब्बर वाटीवर बसते. पिवळसर, ३००० केल्विनचा घेतला तेव्हापासून पाखरं कमी. झाडूने जाळं मात्र काढावंच लागतं.

बाखळवाला

आमचं घर राजवाड्याजवळ. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा सगळी घरं रंगतात, त्यात सेन्सरही रंगला. मिसाईलमधून, म्हणजे रंग उंच उडवणाऱ्या यंत्रातून, आलेला हिरवा रंग वाळून वाटीवर थर बसला नी नंतर लाइट कधी लागायचा कधी नाही. भावाने थिनर काढलं होतं, वेळेवर थांबवला, त्या प्लास्टिकचा सत्यानाश झाला असता. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, बस. आता गेरच्या आदल्या दिवशी वर पिशवी बांधतो.

पाण्याचं म्हणाल तर आमचा बॉक्सवर आयपी ६५ लिहिलेला होता, म्हणजे धूळ नाही नी पाण्याचा फवाराही सोसतो. तरी पहिल्याच पावसात आत वाफ. ब्रँड ओळखीचा आहे, नाव घेत नाही, कारण दोष बसवण्यात निघाला. वायर वरून सरळ आत घातली होती, पाणी वायरीवरूनच ओघळून आत. आता वायर खाली यूसारखी वाकवून मग वर घेतली, थेंब वाकणावरून खाली पडतो. छज्ज्याखाली असाल तर आयपी ४४ सुद्धा पुरतो, उगीच जास्त पैसे नका घालू.

रामबागचा_जावई

शेजाऱ्यांचंही लिहा कोणीतरी. आमच्या समोरच्यांनी ५० वॅटचा फ्लड लावलाय, आमच्या बेडरूममध्ये दर दहा मिनिटांनी दिवस उजाडतो. दहा वॅट पुरतो हो, घर आहे, नेहरू स्टेडियम नाही.

ओटल्यावरची

वाचून डोकं गरगरलं पण मजा आली. तारवायर दादा, आमच्या तीन फुटी बोळाचं सांगा ना. टोकाला, मोरीच्या वर लावू का, बोळाकडे तोंड करून?

तारवायर

ताई, तिथे नको, येणारा सरळ त्याच्याकडेच चालत येणार. नी बाजूच्या भिंतीला एकत्र लाइट-सेन्सर लावला तर समोरची पांढरी भिंत तीन फुटावर, उजेड आपटून परत सेन्सरवर येतो, त्याला वाटतं दिवस झाला, बंद होतो, परत अंधार, परत चालू. डिस्को.

तुम्ही सेन्सर वेगळा घ्या, साडेतीनशे-चारशेला येतो, तीन वायरीचा. दोन वायरीचा स्वस्त असतो पण त्याने एलईडी बंद असतानाही मिणमिणत राहतो. तीनमध्ये एक फेज, एक न्यूट्रल नी तिसरी दिव्याकडे जाणारी. बहुतेकांत तपकिरी, निळी नी लाल, पण रंगावर जाऊ नका, बॉक्सवरचं चित्र बघूनच वायरमनला जोडायला सांगा. सेन्सर बोळाच्या तोंडापासून दोन-तीन फूट आत, बाजूच्या भिंतीला, आठ फुटावर. दिवा त्याच्यापासून लांब, आईंच्या खिडकीच्या पलीकडे, १० वॅटचा प्लास्टिक बॉडीचा बंद दिवा, तीनशेपर्यंत. धातूचा घेतलात तर अर्थिंग पाहिजेच, जुन्या घरात ती असतेच असं नाही. दोन्ही मिळून वायरीसकट हजारात बसेल, वायरमनची मजुरी वेगळी. बॉक्सवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह नी आरने सुरू होणारा नंबर आहे का बघा.

बसवल्यावर दिवसाच तपासा. लक्सचं बटण, म्हणजे किती अंधारात लागावं ते ठरवणारं, सूर्याच्या चित्राकडे, टाइम सगळ्यात कमी, एक मिनिटभर त्याला स्थिर होऊ द्या, मग कोणाला तरी बोळातून चालवा नी तुम्ही बघा कुठल्या फरशीवर लागतो ते. जमलं की लक्स चंद्राकडे नी टाइम एक-दीड मिनिटावर. नी हो, वीज जाऊन आली की तो एकदा आपोआप पेटेल, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा.

ओटल्यावरची

बोळातून चालायला बाबा तयार आहेत, म्हणतात चोराची अ‍ॅक्टिंग मी करतो. अनंत चतुर्दशीच्या आत बसवायचंय, झांक्या, म्हणजे रात्रीचे चित्ररथ, बघायला सगळे जातो तेव्हा घर रात्रभर बंद असतं. महाराणी रोडला रविवारी दुकानं उघडी असतात का हो?

रामबागचा_जावई

अर्धी बंद असतात. शनिवारी जा, नी गाडी लांब लावा.