विषय: पॅटिओवरच्या कुंड्या कोणी आत घेईल का प्लीज (मी सोलापूरला आहे)

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी दसऱ्याआधीच सोलापूरला आले आणि निघायच्या गडबडीत पॅटिओवरच्या कुंड्या बाहेरच राहिल्या, कढीपत्ता, दोन तुळशी, गवती चहा, पानओवा आणि पुदिना. इथे दुपारी पंखा पाचवर असतो त्यामुळे मिशिगनच्या थंडीचं डोक्यातनंच गेलं. काल ह्यांचा फोन, रात्री 41 फॅरनहाइट झालं म्हणे, म्हणजे 5 सेल्सिअस! तुळशीला 10 च्या खाली सोसत नाही हो. मी म्हटलं काहीतरी झाका, तर ह्यांनी आपली डबलची सोलापुरी चादर घडी उलगडून डायरेक्ट तुळशीवर टाकली, रात्रभर दवाने भिजून ती एवढी जड झाली की सकाळी तुळस मधनंच मोडलेली. तुळशीचं लग्न यंदा आमच्याकडे आहे, विसरला नसालच. कोणीतरी जाऊन ह्यांना समजावून सांगा.

– सोलापूरवाल्या काकू

---

काकू, चादर पांघरायला असते, झाडावर टाकायची तर आधी खुर्च्या उभ्या करून त्यावर, पानांना टेकता कामा नये, आणि ऊन आलं की काढायची. असो.

एरवी मी आठवडाभर रोज थोडं थोडं सावलीत सरकवत मग आत नेतो, म्हणजे झाडाला कमी उजेडाची सवय होते. आता तेवढा वेळ नाही. तुळस आणि पानओवा आजच आत. कढीपत्ता उद्या चालेल. गवती चहा वीतभर ठेवून कापा आणि बेसमेंटमध्ये ठेवून द्या, महिन्यातनं दोनदा थोडं पाणी, बास. पुदिन्याला हात लावू नका, तो बर्फाखाली झोपतो आणि एप्रिलमध्ये आपला आपण उठतो.

आत नेण्याआधी पानं उलटी करून बघा. पांढरी माशी, मावा, आणि सगळ्यात डांबरट म्हणजे लाल कोळी, डोळ्यांना नुसती धूळ दिसते पण बारीक जाळं असतं. हीटिंगच्या कोरड्या हवेत ते भराभर वाढतात. बाथटबमध्ये शॉवरखाली पानांच्या खालची बाजू नीट धुवा, आणि पंधरा दिवस ह्या कुंड्या घरातल्या बाकी झाडांपासून लांब. मी एका वर्षी हे केलं नाही, मिरच्यांची सगळी झाडं गेली.

– बेसमेंटमधला शेतकरी

---

थँक्यू दादा! हे सगळं आईला वाचून दाखवलं तर ती हसतच सुटली, "काय करालीस गं, कढीपत्त्याला अंघोळ घालून घरात निजवतेत व्हय?" तिचा कढीपत्ता मागच्या मोरीच्या पाण्यावर वाढलाय, पत्र्याच्या वर गेलाय, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आता म्हणते एक रोप घेऊनच जा नर्सरीतनं. तिला कसं सांगू, तो लिंबाच्या कुळातला, त्याच्यावरच्या किड्यामुळे लिंबू-संत्र्याला ग्रीनिंग रोग होतो म्हणून अमेरिकेत ताजी पानंसुद्धा एअरपोर्टवर काढून घेतात. तिथला आहे तोच जगवायचाय.

अहो, तुम्ही पण लिस्टवर आहात म्हणून इथेच लिहिते. दक्षिणेची खिडकी, काचेला पानं टेकवू नका, आणि खाली गरम हवेची जाळी आहे तिच्यावर कुंडी नको. उजेड कमीच पडणार, तेव्हा गॅरेजमधला एलईडी लाइट लावा टायमरवर 12-14 तास. आणि प्लीज रोज पाणी घालू नका!! बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच. मागच्या हिवाळ्यात कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली तर तुम्ही घाबरून आणखी पाणी ओतलंत, तो मेला नव्हता, झोपला होता. खत तर फेब्रुवारीपर्यंत अजिबातच नको.

मोडलेली फांदी टाकली नाही ना? पेराच्या खाली तिरकी कापा, खालची पानं आणि मंजिऱ्या काढा, पाण्यात उभी करा, पाणी एक दिवसाआड बदला.

– काकू

---

अगं सगळं आत आलं. बाथटब मातीने भरलाय, ते बघतो. एका कुंडीतनं गोगलगाय निघाली, तिला बाहेर सोडलं.

– मीच

---

अकरा दिवसांनी लिहितोय. ग्लासातल्या फांदीला पांढरी मुळं आली, मोजली, सात, सगळ्यात लांब इंचभर. दुसऱ्या तुळशीची पानं मात्र निम्मी गळलीत. लग्नाला ग्लासातली चालेल का?

– मीच

---

आज छोट्या कुंडीत लावा आणि दोन दिवस खिडकीपासून जरा मागे. आईला विचारलं, ती म्हणते चालती की, नवरी लहान आहे एवढंच, पण मांडवाला ऊस पाहिजे. मंडळी, तिकडे उभा ऊस कुठे मिळतो कोणाला माहितेय का? पाच लागतील.

– काकू