समुद्राच्या पाण्यात भिजलेला कॅमेरा (सोसायटी ग्रुप)

बी ४०३: नमस्कार, ग्रुपवर कोणाला कॅमेरा रिपेअरमधलं कळतं का? मुलाच्या हातात कॅमेरा होता आणि समुद्रावर अंगावर लाट आली, पूर्ण बुडाला नाही पण चांगलाच भिजलाय, घरी आल्यापासून चालू होतो परत बंद पडतो स्क्रीनवर रेघा येतात. महागातला आहे हो, मोठी लेन्सपण लावलेली होती. काय करू सुचत नाहीये

ए २०४: तांदळाच्या डब्यात ठेवा वहिनी रात्रभर. आमचा मोबाईल असाच वाचला होता

ए ६०१: काका तांदूळ नको प्लीज, त्याची बारीक भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये आणि बटणांच्या फटीत जाऊन बसते, नंतर काढता काढता नाकी नऊ येतात

ए २०४: अगं पण मोबाईल वाचला ना

ए ६०१: तो तांदळाशिवायपण वाचला असता काका, नुसता उघड्यावर पंख्याखाली ठेवला असता तरी

बी १०२: वहिनी बाकी सगळं राहू दे, बॅटरी काढलीय का?

बी ४०३: नाही. तो मधूनमधून चालू करून बघतोय ना सुधारला का ते

बी १०२: आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. मेसेजला उत्तर नंतर द्या, आधी बॅटरी

बी ४०३: काढली. आता?

बी १०२: मेमरी कार्ड काढा. लेन्स काढा, काढताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा म्हणजे आत काही थेंब असतील तर ते खाली पडतील, फोटो टिपणाऱ्या सेन्सरकडे जाणार नाहीत. केबल लावायच्या जागांवर रबरी झाकणं असतात ती सगळी उघडा. बाहेरून गोड्या पाण्यात ओला करून घट्ट पिळलेलं मऊ कापड फिरवा, कोरडं कापड घासू नका, मिठाचे खडे असतात त्याने काचेवर चरे जातात. मग तसाच उघडा ठेवून द्या. आणि पॉवर बटणाला हात लावायचा नाही, एकदापण नाही

सी ५०१: वहिनी एक विचारू का, हा कॅमेरा माझा तर नाही ना? आठवड्यापूर्वी तुमचे चिरंजीव घेऊन गेले तो?

सी ५०१: ??

बी ४०३: हो तोच आहे. खरंच सांगते संध्याकाळी आम्ही दोघं तुमच्याकडे येणारच होतो, आधी चालू झाला तर बघू म्हणून थांबलो, असं ग्रुपवर कळायला नको होतं तुम्हाला

ए २०४: अरे देवा

सेक्रेटरी: कृपया नोंद घ्यावी, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. वैयक्तिक विषय वैयक्तिक मेसेजवर घ्यावेत.

ए ६०१: सेक्रेटरी काका काल तुम्हीच गुड मॉर्निंगचे सूर्योदय टाकलेत की, थोडा वेळ द्या, इथे खरंच कामाचं चाललंय

सी ५०१: असू दे. वहिनी मी चिडलेलो नाही, म्हणजे चिडलोय पण लाट काय कोणाला विचारून येत नाही, पाण्याजवळ माझ्या हातात असता तरी हेच झालं असतं. मला फक्त मुलाकडून खरंखरं हवंय की भिजल्यानंतर काय काय केलं, त्यावर ठरणार आहे वाचतो की नाही

बी ४०३ (मुलगा): काका सॉरी. भिजल्यावर लगेच टीशर्टने पुसला, मग चालू झाला का बघायला ऑन केला तर झाला, म्हणून मी परत फोटो काढले थोडे. मग हॉटेलवर आल्यावर स्क्रीन ब्लिंक व्हायला लागली म्हणून हेअर ड्रायर मारला, गरमवर. मग परत ऑन केला. मग बॅटरी लो दाखवत होता म्हणून कॅमेऱ्यातच चार्जिंगला लावली रात्रभर

बी १०२: 🤦

सी ५०१: दादा सांगा स्पष्ट काय ते, मला ऐकायची तयारी आहे

बी १०२: सांगतो, जरा लांब होईल. मी बरीच वर्षं सर्व्हिसिंगमध्ये काढलीत आणि माझ्या टेबलावर जे भिजलेले कॅमेरे यायचे त्यातले अर्धे पाण्याने मेलेले नसायचे, पाण्यानंतरच्या धडपडीने मेलेले असायचे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटीने वीज वाहून नेतं. बॅटरी आत असली की ज्या दोन जागा एकमेकांना कधीच भेटायला नकोत त्यांच्यामधून त्या पाण्यातून करंट सुरू होतो, आणि बोर्डावरचं तांबं हळूहळू विरघळायला लागतं. उघडून बघितलं की हिरवट पांढरी भुकटी दिसते ना कनेक्टरवर, ती हीच. कॅमेरा बंद असला तरी बॅटरी आत असेपर्यंत थोडा करंट असतोच, घड्याळ वगैरेला. आणि चार्जिंगला लावला म्हणजे तर रात्रभर हे काम जोरात चालू

बी ४०३ (मुलगा): पण काका पहिल्यांदा ऑन केला तेव्हा एकदम नीट चालला, म्हणून मला वाटलं वाचला

बी १०२: तिथेच सगळे फसतात. गोडं पाणी वाळलं की बहुतेक वेळा विषय संपतो. खारं पाणी वाळलं की पाणी जातं, मीठ तिथेच राहतं. आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, हवेत सत्तर-पंच्याहत्तर टक्के ह्युमिडिटी झाली की ते स्वतःच पाझरायला लागतं. म्हणजे कोरडा झालेला कॅमेरा आतून परत ओला. म्हणून असे कॅमेरे आठ-पंधरा दिवस मस्त चालतात, मालक सगळ्यांना सांगत सुटतो माझ्या कॅमेऱ्याला काही झालं नाही, आणि मग एके दिवशी शटर अडकतं नाहीतर कार्ड वाचत नाही

ए २०४: मग हेअर ड्रायरने वाळवला ते तरी बरोबर ना

बी १०२: नाही काका, गरम हवेच्या झोताने पाणी बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातं. शिवाय लेन्सच्या आत फिरणाऱ्या भागांना ग्रीस असतं, तापलं की ते पातळ होऊन पसरतं आणि अ‍ॅपर्चरच्या (उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या) पात्यांवर येतं, मग पाती चिकटतात. उन्हात गाडीत ठेवलेल्या लेन्सचं पण हेच होतं

बी ४०३ (मुलगा): यावर तर वेदर सील्ड लिहिलंय, मी म्हटलं थोडं पाणी चालेल

सी ५०१: ते मीच सांगितलं होतं त्याला देताना, पावसात चालतो म्हणून. ते तसं सांगायला नको होतं, लाट वेगळी आणि पाऊस वेगळा

बी १०२: वेदर सील्ड म्हणजे फटींना रबराच्या पट्ट्या लावल्यात, बस. बहुतेक कंपन्या तर काही आकडाच देत नाहीत. ओएम सिस्टिम कंपनीच्या ओएम-१ कॅमेऱ्याला आयपी ५३ रेटिंग आहे, म्हणजे धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा, कॅमेऱ्यांमध्ये असा आकडा छापणं म्हणजे मोठी गोष्ट, पण त्यातला ३ म्हणजे काय तर वरून ६० अंशापर्यंत तिरका येणारा फवारा. लाट म्हणजे सगळ्या बाजूंनी दाबाने येणारं पाणी. आणि या टेस्ट गोड्या पाण्याच्या असतात. लेन्सच्या मागच्या बाजूला रबरी रिंग नसेल तर कॅमेऱ्याला सील असून उपयोग नाही, पाणी माउंटमधूनच, म्हणजे लेन्स बसते त्या जागेतूनच जाणार. ती रबरं पण जुनी झाली की कडक होतात

सी ५०१: लेन्सला रिंग आहे. बॅटरीचं झाकण मात्र थोडं सैल होतं माझ्याकडेच

ए २०४: माझ्याकडे बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट आहे, रविवारी आपण उघडून आतून स्पिरिटने पुसून घेऊया का? मी रेडिओ बरेच उघडलेत

बी १०२: काका हात जोडतो 😄 ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश असतो त्यात वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज असू शकतो, बॅटरी काढल्यावर पण. मला स्वतःला बसलाय झटका, हातातला कॅमेरा समोरच्या भिंतीवर गेला होता. आणि जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू दिसायला आपल्या फिलिप्ससारखे पण वेगळ्या स्टँडर्डचे असतात, जेआयएस म्हणतात, साधा ड्रायव्हर लावला की डोकं खराब होतं आणि मग तो स्क्रू कोणाच्या बापाला निघत नाही

ए ६०१: मी कुठेतरी वाचलं होतं की खाऱ्या पाण्यात पडला तर लगेच गोड्या पाण्यात बुडवायचा, मीठ निघून जातं. खरं आहे का ते?

बी १०२: खरंही आहे आणि नाहीही. पूर्ण समुद्रात पडून आत खारं पाणी भरलेला असेल, बॅटरी काढलेली असेल, आणि तसाही हातचा गेलाच म्हणून सोडला असेल तर करतात लोक, माझ्याबरोबरचे काहीजण याच्या बाजूने होते. मी स्वतः सांगत नाही. कारण फक्त एका कोपऱ्यात पाणी गेलेलं असेल तर तुम्ही ते सगळीकडे पोचवता, सेन्सरपर्यंत, व्ह्यूफाइंडरपर्यंत. याला तर आता वेळही निघून गेलीय. उघडून बोर्ड नीट धुणं हे सर्व्हिसवाल्याचं काम

सी ३०३: ग्रुप वाचतोय मघापासून. माझी एक लेन्स चामड्याच्या केसमध्ये घालून लोखंडी कपाटात वर्षभर पडली होती, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. हे पण रिपेअर होतं का?

बी १०२: फंगस. लवकर दिलं तर साफ होतं, उशीर झाला तर नाही, कारण ती बुरशी जे आम्ल सोडते ते काचेवरचं कोटिंग खातं, बुरशी काढली तरी तिची नक्षी राहते. बाकी लेन्सेसपासून वेगळी ठेवा. चामडं ओलावा धरून ठेवतं, त्या केसमध्ये परत घालू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा ह्युमिडिटी मीटर, आकडा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. अगदी कोरडंपण चांगलं नाही, ग्रीस आणि रबर वाळतं म्हणतात. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं, लोक तीच पुडी पाच वर्षं ठेवतात आणि म्हणतात जेल ठेवलं होतं तरी फंगस आलं

ए ६०१: धडपडीवरून सांगते, माझ्या ऑफिसमधल्या एकाने सेन्सरवर एक धुळीचा ठिपका होता म्हणून आधी तोंडाने फुंकर मारली, त्याने थुंकीचे थेंब उडाले, ते काढायला कान साफ करायची काडी फिरवली, त्याने तेलकट ओरखडा आला, मग दाबाच्या हवेचा कॅन आडवा धरून मारला तर आतलं गॅसचं लिक्विडच बाहेर आलं आणि पांढरा डाग गोठला सगळीकडे. एक ठिपका होता हो! तो पण फक्त एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं भोक एकदम बारीक केल्यावर, आकाशाच्या फोटोत दिसत होता. पोर्ट्रेटमध्ये कोणाला आयुष्यात दिसला नसता

बी १०२: क्लासिक 😂 त्याचं नशीब की आपण ज्याला सेन्सर म्हणतो तिथे हात लागतो तो सेन्सर नसतो, त्याच्या पुढची फिल्टरची काच असते, तेवढीच बदलावी लागली असेल

ए ६०१: हो तीच बदलली. तरी बिल बघून तो दोन दिवस बोलत नव्हता कोणाशी

सी ५०१: दादा माझ्या पेशंटकडे या परत. चान्स किती?

बी १०२: खोटं सांगणार नाही. खारं पाणी म्हटलं की बरेचदा सर्व्हिसवाले उघडून बघतात आणि रिपेअरचा खर्च नव्याच्या जवळ जातो म्हणून परत देतात. लेन्स वाचायची शक्यता मला जास्त वाटते. पण देताना खारं पाणी हे शब्द सांगा, लिहून द्या. लोक वॉरंटीसाठी नुसतं बंद पडला म्हणून सांगतात, वॉरंटीत पाणी बसत नाही ते नाहीच, पण मग तो माणूस मिठासाठी बोर्ड धूत नाही, वरवर बघून चालू करून देतो आणि परत ये रे माझ्या मागल्या. किती दिवस झाले, कितीदा चालू केला, चार्जिंगला लावला होता, सगळं सांगा. डॉक्टरला सांगतो तसं

बी ४०३: काय खर्च येईल तो आम्ही देणार, त्यात बोलायलाच नको

सी ५०१: वहिनी तो विषय नंतर. माझा इन्शुरन्स आहे, पण दुसऱ्याच्या हातात असताना झालं तर देतात का ते पॉलिसी वाचल्याशिवाय सांगता येणार नाही, मी ते कधी वाचलंच नाही. पुढच्या वेळी कोणाला देण्याआधी वाचीन. नाहीतर देणारच नाही, बघू

सी ५०१: फोटो तरी आहेत का?

बी ४०३ (मुलगा): कार्डवर असतील. लॅपटॉपला लावून बघू का

बी १०२: थांब. कार्डाला मीठ लागलंय. आधी मेडिकलमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर त्यात नाहीतर साध्या गोड्या पाण्यात हलवून धू, सोनेरी पट्ट्यांवर टिपकागद लाव, घासू नको, एक दिवस वाळू दे. मग रीडरमध्ये, दुसऱ्या कॅमेऱ्यात नाही. पहिलं काम कॉपी. कार्ड फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हण. कार्डात हलणारं काही नसतं, बहुतेक वेळा ते जगतं

सी ५०१: ठीक. मी उद्या सर्व्हिस सेंटरला जातोय, चिरंजीवांना पाठवा माझ्याबरोबर, फॉर्म त्यालाच भरू दे, काय काय केलं ते त्यालाच माहितीय

बी १०२: बॅटरी वेगळ्या पिशवीत आणा, कॅमेऱ्याबरोबर नको. आणि ती परत चार्ज करायची नाही, फुगलीय का बघा, फुगली असेल तर घरात ठेवू नका

बी ४०३ (मुलगा): फुगली नाहीये. पण काका अजून एक

सी ५०१: आता काय

बी ४०३ (मुलगा): लेन्स कॅप सापडत नाहीये

सी ५०१: ती राहू दे. दहाला खाली ये, वेळेवर