मुरूडला गेलात, पण पद्मदुर्गावर गेलात का?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की नाशकातल्या निम्म्या गाड्या कोकणाकडे वळतात. कसारा उतरून, वडखळची कोंडी सोसून मुरूडला पोचलेल्यांनी इथे लिहा. हॉटेलांचं नको, जंजिरा नि पद्मदुर्ग या बेटांवरच्या किल्ल्यांचं लिहा. नावाच्या जागी नाशकातला आपला भाग टाका.

पंचवटी : आम्ही 2016 ला गेलो होतो. राजपुरीहून शिडाची होडी. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, नुसती काळी भिंत. होडी हेलकावत असतानाच पायरीवर उडी मारायची. नऊवारीतल्या आईने “मी इथंच बसते” म्हणून जाहीर केलं. दोन खलाशांनी दंडांना धरून तिला अलगद वर ठेवलं. घरी आल्यावर किल्ल्याबद्दल अवाक्षर नाही, ते उचलणं मात्र अख्ख्या गल्लीला सांगून झालं.

गंगापूर रोड : नावाड्याने पाऊण तास दिला. कलालबांगडी तोफ, फोटो, पळापळ. चहूकडे खारं पाणी नि मध्ये गोड्या पाण्याचं तळं बघून आमचे द्राक्षबागवाले सासरे काठावरच बसले. “आपलं बोअर बघ अन् हे बघ,” एवढंच म्हणाले.

सिडको : जंजिरा सगळेच करतात. पद्मदुर्ग करा. जंजिऱ्याच्या सत्ताधारी सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कासा खडकावर बांधलेला. मुरूडच्या कोळीवाड्यातून होडी ठरवावी लागते. पहिल्या दिवशी “आज समुद्र बरा नाय” म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. गुडघाभर पाण्यात उतरलो, शेवाळलेल्या खडकांवरून चढताना खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी तळवा कापला (चपला हातात घेण्याचा शहाणपणा माझाच). पण तटापाशी गेलो नि पाय विसरलो. खाऱ्या वाऱ्याने नि लाटांनी दगड खाल्लेत, मधला चुना शाबूत! दगड आत गेलेले, चुना बाहेर, जणू मधाचं पोळं. मी बांधकामातला माणूस. नखाने खरवडून पाहिलं, भुकटीसुद्धा निघेना. आमच्या साइटवरचं प्लास्टर दोन पावसाळ्यांत फुगतं. पाणी बरोबर न्या.

इंदिरानगर : आम्ही हौसेने जुलैत गेलो. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे तिथे गेल्यावर कळलं. किनाऱ्यावर छत्रीत उभं राहून भजी खाल्ली, समोर पद्मदुर्ग पावसात कधी दिसे, कधी मिटे. सिडकोवाले, कोळीवाड्यात विचारायचं कुणाला?

सिडको : जाळी दुरुस्त करत बसलेल्या कुणालाही. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा, भाडं नंतर.