किनाशीचा कुरोमात्सु: यंदा मेकिरी करावी का?

नारा_गच्ची: जपानमधल्या ताकामात्सु शहरातल्या किनाशीतल्या वाडीतून कुरोमात्सु, म्हणजे जपानी काळा पाइन, बोन्सायसाठी आणला आहे. झाड जमिनीत वाढवलेलं. याच मार्चमध्ये काढून कुंडीत लावलंय. कोंब बोटभर झालेत. जूनअखेरीस मेकिरी (नवे कोंब बुडापासून छाटणं) करावी का? शेजारच्या गोयोमात्सुलाही (जपानी पांढरा पाइन) तेच लागू होतं का?

सूचिपर्ण: यंदा अजिबात नको. जमिनीतून काढताना बरीच मुळं तुटतात आणि छाटणीनंतरची दुसरी फूट साठवलेल्या ताकदीवर येते. ताकद नसली तर आधी खालच्या बारीक फांद्या वाळतात. सुया झडलेल्या जुन्या लाकडावर पाइनला नवा डोळा क्वचितच फुटतो, त्यामुळे गेलेली फांदी गेलीच. सुया लांबल्या तरी राहू द्या, मुळं त्यांच्याच जोरावर वाढतील.

मला खरी काळजी मुळांच्या गड्ड्याची वाटते. किनाशी आणि जवळचं कोकुबुंजी मिळून जपानमधले सुमारे ८० टक्के पाइन बोन्साय पिकवतात. तिथली जमीन ग्रॅनाइट झिजून झालेली, रेताड, उत्तम निचऱ्याची. पण उथळ कुंडीत तीच माती आत घट्ट बसते आणि भोवती अकादामा (बोन्सायसाठीची जपानी दाणेदार माती) असेल तर पाणी कडेनेच निघून जातं, गड्डा कोरडा राहतो. चॉपस्टिकने गड्ड्यात हलकेच भोकं पाडा आणि पाणी दोनदा, थोडं थांबून घाला. उरलेली जुनी माती दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना काढा, तीही एका वेळी अर्धीच. मुळांवरची पांढरी बुरशी धुऊन टाकू नका, ती झाडाच्या उपयोगाची असते.

नारा_गच्ची: मग पुढच्या वर्षीचा क्रम काय? खत कधी?

काळी_साल: झाड जोमात असेल तरच. वसंतात पेंडीच्या गोळ्या भरपूर द्या, छाटणीच्या वेळी उचलून ठेवा, ऑगस्टअखेर परत ठेवा. मधल्या काळात खत चालू राहिलं तर दुसऱ्या फुटीच्या सुया लांबतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

छाटणी तुमच्या नारा शहराच्या हवेत जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा. आधी कमजोर कोंब छाटा, आठ-दहा दिवसांनी शेंड्याकडचे जोरदार. म्हणजे कमजोरांना आघाडी मिळते आणि फूट सारखी येते. फार लवकर छाटलं तर सुया लांब होतात, फार उशीर झाला तर फूट थंडीआधी पक्की होत नाही. एका जागी चार-पाच डोळे फुटले तर दोनच ठेवा, तेही आडवे पसरणारे. नोव्हेंबर-डिसेंबरात जुन्या सुया उपटा: शेंड्याला पाच-सहा जोड्या, खालच्या फांद्यांना आठ-दहा.

सूचिपर्ण: गोयोमात्सुला मेकिरी कधीच नाही. तो त्याच वर्षी भरवशाची दुसरी फूट देत नाही, आणि सुयांसकट कोंब गेला तर फांदी मरू शकते. त्याचे लांब कोंब एप्रिल-मेमध्ये, सुया उघडण्याआधी, बोटांनी अर्धे मोडायचे. बाकी काही नाही.