बढतीनंतर सहकारी का बदलतो?

प्रश्न: आम्ही 6 वर्षे शेजारी बसून काम केले; तो व्यवस्थापक झाल्यापासून मात्र मी जवळ गेलो की लॅपटॉप मिटतो आणि साध्या प्रश्नालाही ‘ईमेल करा’ असे सांगतो. कालपर्यंतचे अरे-तुरे गेले, याचे फार वाईट वाटते.

उत्तर 1: त्याच्यासमोर आता सर्वांचे पगार आणि मूल्यमापनाचे शेरे असतात, जे दाखवण्याची त्याला मुभा नाही, मिटलेला लॅपटॉप हा तुमच्यावरचा अविश्वास समजू नका.

उत्तर 2: मान्य, पण गुपित राखणे वेगळे आणि बोलणे तोडणे वेगळे. मला बढती मिळाली तेव्हा पक्षपाताचा ठपका येईल या भीतीने मी जुन्या मैत्रिणीची रजा दोनदा नाकारली. ती चूक माझीच होती.

प्रश्नकर्ता: पगारांची बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. उद्या त्याच्याशी निवांत बोलतो.